थांबण्याची किंमत

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात दिवाळी आणि टायर बदलण्याचा हंगाम एकाच सुमारास येतात. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, टोरांटो इथल्या मराठी घरांत एकीकडे चकलीच्या भाजणीची चौकशी चाललेली असते आणि दुसरीकडे गॅरेजमध्ये कोणत्या शनिवारी नंबर लागेल याची. भारतातून नुकत्याच आलेल्या कुटुंबापुढे पहिल्याच वर्षी एक प्रश्न येतो, आणि तो तसा रास्त आहे. गाडीला चार चांगले टायर आहेत, त्यांची नक्षी शाबूत आहे. मग आणखी चार टायर कशासाठी घ्यायचे? आपल्याकडे टायर बदलतात तो गोटा झाला की, किंवा फुटला की. केवळ ऋतू बदलला म्हणून धडधाकट टायर उतरवून ठेवायचे, ही कल्पना पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला गॅरेजवाल्याचा धंदा वाटते. फोनवर ऐकणाऱ्या आईवडिलांनाही ती तशीच वाटते.

सरकारही या बाबतीत एका सुरात बोलत नाही. ऑन्टॅरिओत हिवाळी टायरची सक्ती नाही. शेजारच्या क्वेबेक प्रांतात २००८ सालच्या हिवाळ्यापासून आहे. सुरुवातीला ती १५ डिसेंबर ते १५ मार्च अशी होती, २०१९ पासून ती १ डिसेंबरला सुरू होते. नियम लागू होतो तो क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना. त्यामुळे ओटावा नदीवरच्या पुलावर, राजधानी ओटावा आणि पलीकडचे गॅटिनो यांच्या मध्ये, जानेवारीत एकामागोमाग एक चाललेल्या दोन गाड्यांपैकी एकीला हिवाळी टायर नसल्यास दंड होऊ शकतो आणि दुसरीला नाही. बर्फ मात्र दोघींच्या चाकांखाली एकच असतो. ब्रिटिश कोलंबियाने तिसरा मार्ग काढला आहे. तिथे डोंगरातल्या बहुतेक महामार्गांवर ऑक्टोबरपासून सक्ती, पण व्हँकुव्हर शहरात नाही. तेव्हा ‘कायदा काय म्हणतो’ एवढे पाहून निर्णय घेणाऱ्याला पत्त्यानुसार वेगवेगळी उत्तरे मिळतात. उत्तर रबर आणि रस्ता यांच्याकडेच मागावे लागते.

त्याआधी शब्दांची एक अडचण दूर करू. मराठीत आकाशातून भुरभुरत येतो तोही बर्फ आणि सरबतात घालतो तोही बर्फ. आपल्या हवामानाला याहून जास्त बारकावा लागलाच नाही. पण टायरच्या दृष्टीने हे दोन निराळे पदार्थ आहेत, आणि त्यांवर पकड मिळवण्याच्या रीतीही निराळ्या. म्हणून या लेखापुरते पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थाला हिम म्हणू आणि काचेसारख्या घट्ट थराला बर्फ.

थंडीत रबराचे काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक टायरच्या कारखान्यात झालेले नाही. ते झाले ११ फेब्रुवारी १९८६ रोजी, ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानाच्या अग्निबाणात वापरल्या जाणाऱ्या रबरी कड्याचा नमुना छोट्या शिकंजात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सैल केला, तर रबर लगेच मूळ आकारात आले नाही. काही सेकंद ते दबलेलेच राहिले. यानाच्या उड्डाणाच्या दिवशी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते. रबर पटकन फुगून फट बुजवेल या भरवशावर सगळी रचना उभी होती, आणि नेमका तो पटकनपणा थंडीने काढून घेतला होता. टायरचे रबर या कड्याच्या रबराहून वेगळे असते, पण तत्त्व तेच. रबराचे काम लवचीकपणावर चालते आणि लवचीकपणा तापमानावर.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. ऊब असली की हे रेणू सतत वळवळत असतात, म्हणून रबर ताणले तर ताणते आणि सोडले तर परत येते. थंडी वाढत गेली की वळवळ मंदावते, आणि एका तापमानाखाली रबर काचेसारखे कडक होते. हे तापमान प्रत्येक रबराचे वेगळे. झाडाच्या चिकापासून होणाऱ्या नैसर्गिक रबराचे साधारण उणे ७० अंश सेल्सिअस, काही कृत्रिम रबरांचे उणे १०० च्या जवळ, तर काहींचे बरेच वर. मग शंका येते, की टोरांटोत उणे ७० कधीच होत नाही, तर उन्हाळी टायर पाच-सात अंशांनाच का बिचकावा? याला दोन कारणे. टायरचा बाहेरचा थर अनेक रबरांचे आणि भुकट्यांचे मिश्रण असतो. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर लिबलिबीत होऊ नये म्हणून मुद्दामच कडक बाजूला झुकवलेले असते. दुसरे कारण अधिक मजेशीर आहे. रबराला घाई आणि थंडी यांत फरक कळत नाही. ब्रेक दाबल्यावर टायरचा पृष्ठभाग रस्त्याच्या बारीक खडबडीत टोकांवरून सेकंदाला हजारो वेळा दबतो आणि सुटतो. इतक्या झटपट हालचालीला रेणूंना वेळच मिळत नाही, म्हणून रबर प्रत्यक्ष तापमानापेक्षा कितीतरी अधिक थंड असल्यासारखे वागते. हाताला मऊ लागणारा टायर ब्रेकच्या क्षणी ताठर असू शकतो तो यामुळे. गाडीशेजारी उभे राहून टायरला अंगठा लावून पाहणे ही परीक्षा नव्हे.

हिवाळी टायरच्या मिश्रणात म्हणून थंडीत मऊ राहणारी रबरे जास्त असतात, काजळीबरोबर सिलिका असते आणि वंगणासारखी तेले असतात. फिनलंडच्या नोकियन कंपनीच्या टायरमध्ये मोहरीच्या भाऊबंदांतले कॅनोला तेल असते. तेलाचे मोहन घातल्याशिवाय काही खुसखुशीत होत नाही हे दिवाळीत वेगळे सांगायला नको. इथे मात्र ते कुरकुरीतपणा टाळण्यासाठी घालतात.

‘सात अंश’ हा आकडा प्रत्येक टायरविक्रेत्याच्या तोंडी असतो. तापमान सात अंशांखाली गेले की हिवाळी टायर लावा, असे सांगितले जाते. हा ढोबळ नियम आहे, निसर्गाची रेषा नाही. चांगला उन्हाळी टायर कोरड्या रस्त्यावर पाच अंशांनाही हिवाळी टायरपेक्षा आधी थांबू शकतो. सात अंशांचा खरा उपयोग पंचांगासारखा आहे. सकाळी सात अंश दिसू लागले, की शून्य फार दूर नाही आणि गॅरेजमध्ये रांग लागायच्या आत नंबर लावलेला बरा.

मिश्रणाइतकीच महत्त्वाची नक्षी. हिमावर पकड मिळवण्याची युक्ती उलटी वाटेल अशी आहे: टायरने हिम झटकून टाकायचे नसते, धरून ठेवायचे असते. हिमाला हिम चिकटते, नाहीतर मुलांना त्याचे गोळे करता आले नसते. हिवाळी टायरच्या रुंद खाचा हिमाने भरतात, आणि रस्त्यावरच्या हिमाला खाचेतले हिम घट्ट धरते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. इंग्रजीत त्यांना ‘साइप’ म्हणतात, ते जॉन साइप या माणसाच्या नावावरून. त्याचे पेटंट १९२३ सालचे. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने स्वतःच्या बुटांच्या रबरी तळव्यांना चिरा पाडल्या, अशी आख्यायिका आहे. चाक फिरताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा जमिनीला टोचतात. वापरून झिजलेल्या टायरमध्ये चिरा उथळ होतात. म्हणून कायद्याने टायरची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालत असली तरी हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की हिवाळी उरत नाही. ऑस्ट्रियाच्या कायद्यात तर तसे स्पष्टच आहे.

बर्फाचा प्रश्न हिमापेक्षा अवघड. बर्फ निसरडा असतो तो त्याच्या पृष्ठभागावर पाण्याची अतिशय पातळ पापुद्र्यासारखी थरथर असते म्हणून, हे मायकेल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकात सुचवले होते. यातून एक गोष्ट निघते जी भारतातून आलेल्या माणसाला पटायला एक हिवाळा जावा लागतो. उणे २० अंशांचा बर्फ उणे १ अंशाच्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो. हाडे गोठवणाऱ्या दिवशी माणूस सावध असतो. खरा घात शून्याच्या आसपासच्या सौम्य, ओल्या संध्याकाळी होतो. त्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची आणखी भर. शून्याच्या जवळ मीठ बर्फ वितळवते, पण उणे दहाच्या खाली त्याचा जोर झपाट्याने ओसरतो, आणि दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा काच होऊन बसते. डांबराचा रंग त्यातून आरपार दिसतो, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात.

पाण्याचा हा पापुद्रा काढायचा कसा? जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ साली ‘ब्लिझॅक’ नावाचा टायर आणला. त्याच्या रबरात असंख्य सूक्ष्म पोकळ्या होत्या. अनारशाला पडते तशी जाळी, फक्त डोळ्यांना न दिसणारी. पाण्याचा थर या पोकळ्यांत शिरतो आणि रबराला कोरड्या बर्फाचा स्पर्श मिळतो. या टायरच्या अनेक नमुन्यांत जाळीदार रबर वरच्या साधारण अर्ध्या थरातच असे. अर्धा टायर झिजला की अनारसा संपून खाली साधी पुरी लागायची. टायर अजून बराच शिल्लक दिसतो म्हणून चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब करू, कारण निर्णय अखेर त्यावरच ठरतो. गाडीला थांबायला लागणारे अंतर दोन गोष्टींवर अवलंबून असते: वेगाचा वर्ग आणि टायर-रस्त्यामधील घर्षणाचा गुणांक. गाडी जड की हलकी याने या हिशेबात फरक पडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचे ब्रेक पूर्ण दाबले, तर कोरड्या डांबरावर, गुणांक ०.८ धरून, ती सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या हिमावर हा गुणांक टायरप्रमाणे बदलतो. समजा एका गाडीला ०.३ मिळाला आणि दुसरीला ०.२. आकडे मुद्दाम ढोबळ घेतले आहेत. पहिली गाडी ३३ मीटरमध्ये थांबेल, दुसरी ४९ मीटरमध्ये. फरक १६ मीटर, म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या तीन-चार मोटारींएवढा.

पण मीटरांचा फरक मनाला भिडत नाही. तोच हिशेब असा मांडा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी गाडी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असतो? उत्तर ताशी २९ किलोमीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दोन-तृतीयांश ऊर्जा खर्च झाली तरी वेग निम्म्याहून जास्त शिल्लक राहतो. ब्रेक दाबणाऱ्याला वाटत असते की गाडी जवळजवळ थांबलीच. ताशी २९ किलोमीटर हा पत्रा चेपण्याचा वेग आहे, आणि समोर शाळेतून घरी निघालेले मूल असेल तर त्याहून कितीतरी वाईट. हिवाळी टायर घेताना माणूस वस्तुतः हे २९ किलोमीटर विकत घेत असतो, आणि ते बहुतेकदा गाडीपुढे असणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी.

याच समीकरणाची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. पकड दीडपटीने वाढली आणि त्या जोरावर वेग फक्त बावीस टक्क्यांनी वाढवला, म्हणजे ५० ऐवजी ६१ ने गाडी हाकली, की सगळा फायदा फस्त. थांबायला पुन्हा ४९ मीटर. नवे टायर लावले म्हणून घाईने निघणारा माणूस हजार डॉलर खर्चून जिथे होता तिथेच राहतो.

इथे ‘माझी गाडी चारही चाकांनी चालते’ हे उत्तर हटकून येते. मोठी, उंच, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतली की हिवाळा सुटला, असा समज उत्तर अमेरिकेत सर्वत्र आहे, आणि जाहिराती त्याला खतपाणी घालतात. चार चाकांना जोर मिळाला तर हिमातून निघणे सोपे होते, यात शंका नाही. पण ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच असतात, साध्या गाडीचेसुद्धा. थांबताना चार चाकांच्या जोराचा काडीचा उपयोग नाही. उलट अशा गाडीत एक धोका वाढतो. साधी गाडी निघतानाच चाके गरागरा फिरवून सांगते, की रस्ता निसरडा आहे. चारचाकी जोराची गाडी ही सूचना देतच नाही. ती सुरळीत निघते, वेग पकडते, आणि रस्त्याचे खरे रूप पहिल्यांदा कळते ते ब्रेकवर पाय पडल्यावर. चाके अडकू न देणाऱ्या ब्रेकप्रणालीचेही तेच. ती गाडीला वळवता येण्याजोगी ठेवते, पण नसलेले घर्षण निर्माण करू शकत नाही. भुसभुशीत हिमात तर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते.

म्हणूनच ‘गेली पाच वर्षे साध्या टायरवर काढली, काही झाले नाही’ हा अनुभव फारसे काही सिद्ध करत नाही. रोजच्या प्रवासात आपण निघण्याची परीक्षा शेकडो वेळा देतो. पूर्ण ब्रेकची परीक्षा एखाद्या हिवाळ्यात एकदा येते, एखाद्यात येतही नाही.

गंमत अशी, की टायरवरची अधिकृत खूणसुद्धा बराच काळ निघण्याचीच परीक्षा घेत आली. उत्तर अमेरिकेत १९७७ साली गुडइयरने ‘टिएम्पो’ हा बारमाही टायर आणला आणि वर्षभर एकच संच ही सोय रूढ झाली. अशा टायरवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असतात, चिखल आणि हिम यांची. ही अक्षरे नक्षीतल्या खाचांच्या रचनेवरून मिळतात, रस्त्यावरच्या कसोटीवरून नाही. १९९९ साली तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण आली. ती मिळवायला कसोटी आहे: दाबलेल्या हिमावर ठरलेल्या नमुना-टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त ओढ. पण मूळ अमेरिकी कसोटीत मोजली जाते ती चाक फिरवून पुढे जाण्याची ओढ. युरोपच्या नियमांत हिमावरच्या ब्रेकची चाचणीही चालते. बर्फाची परीक्षा मात्र या खुणेत कुठेच नाही. त्यासाठी युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलवर वेगळे चिन्ह आले. डोंगराची खूण असलेला ‘सर्व हवामानांचा’ टायर हल्ली सगळीकडे मिळतो. अक्षरांच्या टायरपेक्षा तो निश्चित बरा, अस्सल हिवाळी टायरइतका बर्फावर भरवशाचा बहुधा नाही. सौम्य हिवाळ्याच्या गावी एकच संच ठेवायचा असेल तर माझे मत त्याच्या बाजूने पडेल.

टायरची निवड ही घरापुरती बाब नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा जपानमधला आहे. बर्फावर सर्वांत घट्ट पकड मिळते ती रबरात बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी. फिनलंडच्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी हिवाळी टायर काढले, ते खिळ्यांवाचूनचे होते. खिळे नंतर सर्वत्र पसरले. जपानच्या उत्तर भागातही पसरले. सेंदाई शहरात हिम पडते पण टिकत नाही, म्हणून हिवाळ्याचा बराच काळ हे खिळे उघड्या डांबरावर घासत. रस्ता खरवडून निघालेली धूळ हवेत राहू लागली, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले, वाळत घातलेले कपडे काळवंडू लागले. नागरिकांनी आवाज उठवला. मियागी प्रांताने १९८५ साली आधी स्वतःचा नियम केला आणि १९९० साली संपूर्ण जपानसाठी खिळ्यांचे टायर आवरणारा कायदा झाला. जाळीदार रबराचा शोध नेमका याच दबावातून पुढे आला.

हवा स्वच्छ झाली. पण सप्पोरोसारख्या, हिम टिकून राहणाऱ्या शहरात नवीनच संकट उभे राहिले. पूर्वी खिळे बर्फ खरवडून खडबडीत ठेवत. आता गुळगुळीत रबराची हजारो चाके चौकाचौकांत तोच बर्फ घोटून आरसा करू लागली. गाड्या घसरत होत्याच, आता पादचारीही मोठ्या संख्येने पडू लागले, विशेषतः वृद्ध. पकडीचा खर्च आधी फुप्फुसांवर पडत होता, मग हाडांवर पडू लागला. ऑन्टॅरिओनेही खिळे फक्त उत्तरेकडच्या भागांना मोकळे ठेवले आहेत, ते २००५ पासून. दक्षिणेत, म्हणजे बहुसंख्य मराठी माणसे राहतात तिथे, ते चालत नाहीत.

जर्मनीची कथा वेगळ्या कारणाने वाचनीय आहे. तिथे २००६ साली नियम आला, की वाहनाची सज्जता हवामानाला साजेशी हवी आणि टायर ‘योग्य’ हवेत. योग्य म्हणजे काय? २०१० साली ओल्डेनबुर्गच्या उच्च न्यायालयाने म्हटले, की इतक्या मोघम शब्दावर नागरिकाला दंड करणे घटनेत बसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात नियम नव्याने लिहावा लागला. त्यात तारखा नाहीत; हिम, चिखलबर्फ, काळा बर्फ, दव गोठणे अशी परिस्थितींची यादीच दिली आहे. अक्षरांच्या खुणेवर भागत होते तेही १ ऑक्टोबर २०२४ पासून संपले, आता डोंगराची खूण हवी. क्वेबेकने तारीख धरली, जर्मनीने हवामान धरले. तारखेचा नियम पोलिसाला सोपा, हवामानाचा नियम तर्काला पटणारा. ऑक्टोबरात अवचित हिम पडते त्या दिवशी क्वेबेकचा कायदा झोपलेला असतो.

पैशाचे बोलू. मध्यम आकाराच्या गाडीला चार हिवाळी टायर आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र लोखंडी रिम यांचा खर्च ऑन्टॅरिओत हजार-बाराशे डॉलरच्या आगेमागे येतो. रिमचे पैसे अनाठायी वाटतात, पण ते वाचवले तर दरवर्षी दोनदा टायर रिमवरून उतरवून चढवावे लागतात. त्याची मजुरी जास्त, आणि टायरची कडही दुखावते. टायरचे पैसे मात्र पूर्णपणे जादा नसतात. हिवाळी संच चालतो तेव्हा दुसरा संच विश्रांती घेतो, म्हणून दोन्ही संच कॅलेंडरवर जास्त वर्षे पुरतात. शिल्लक राहतो तो रिमचा, अदलाबदलीचा आणि साठवणीचा खर्च. ऑन्टॅरिओत १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर सवलत देणे बंधनकारक आहे. ती थोडीच असते, पण मागितल्याशिवाय बऱ्याचदा लागत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला साठवणीचा प्रश्न सर्वांत छळतो. चार चाके बाल्कनीत रचून ठेवलेली मराठी घरे टोरांटोत पुष्कळ सापडतील, शेजारी तुळशीची कुंडी आत घेतलेली.

कोणाला हे टायर नकोत? ज्याची गाडी आठवड्यातून एकदा वाण्याकडे जाते, जो हिम पडल्यावर दोन दिवस ती हलवत नाही आणि कामाला सबवेने जातो, त्याने पैसे वाचवले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण यात एक अट दडलेली आहे: न निघण्याची मुभा. जिला रात्रपाळीनंतर पहाटे सहाला इस्पितळातून घरी यायचे आहे, जो गोदामात वेळेवर हजेरी लावतो, जो रात्री लोकांची जेवणे पोहोचवतो, त्यांना ती मुभा नाही. आणि नव्याने आलेल्या, हात आखडून जगणाऱ्या माणसांपैकी कितीतरी याच कामांत असतात. ज्याला टायर परवडत नाहीत त्यालाच ते जास्त लागतात. माझ्या लेखी क्वेबेकच्या सक्तीची ही कमकुवत बाजू आहे. तिने दंड ठरवला. संच विकत घेण्याची सोय ज्याची त्याने पाहायची. तरीही दोन्हींपैकी एक निवडायचे तर मी क्वेबेकची बाजू घेईन, कारण ब्रेक न लागल्याची किंमत टायर न घेणाराच मोजतो असे नाही.

भारतात हा प्रश्न हिमालयापुरता आहे, आणि तिथे उत्तर वेगळे निघाले. मनालीहून २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्याकडे हिवाळ्यात जाताना टॅक्सीवाले डिकीतून लोखंडी साखळ्या काढून चाकांवर चढवतात. हिम लागले की बांधायच्या, डांबर लागले की सोडायच्या. काही किलोमीटरांचा घाट आणि ताशी वीस-तीसचा वेग असेल तिथे साखळीसारखा स्वस्त आणि पक्का उपाय नाही. चार महिने रोज, मिठाने उघडे पडलेल्या महामार्गावर ताशी शंभरने जाणाऱ्याला मात्र साखळी चालणार नाही. महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन डिसेंबरात तिकडे निघणाऱ्यांनी साखळ्या बांधण्याचा सराव घरच्या अंगणात करून जावा. उणे पाच अंशांना, हातमोजे घालून, तो प्रथमच करण्यासारखा नाही.

घ्यायचे ठरलेच तर दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर घेऊन पुढच्या चाकांना लावू नयेत. पुढची चाके धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर ब्रेक दाबताच गाडी स्वतःभोवती फिरते. चारही साधे टायर असलेली गाडी निदान सरळ घसरते. हवा महिन्यातून एकदा तपासावी, कारण तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. ऑक्टोबरातल्या उबदार दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पाच-सहा पीएसआयने कमी भरते. आणि सेकंडहँड संच घेणार असाल, जो नव्याने आलेले बरेच जण घेतात, तर नक्षी पाहण्याआधी टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिचे शेवटचे चार आकडे कारखान्याची तारीख सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर गाडीला न लागताही म्हातारा झालेला असतो, त्याचे रबर कडक झालेले असते. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो संच विकणाऱ्याकडेच राहू द्यावा.